मुक्तस्रोत संगणकप्रणाली स्वीकारताना : आधी दप्तर, मग यंत्र

पंचायत समितीचे कार्यालय असो, जिल्हा परिषदेची शाळा असो अथवा ग्रामपंचायत असो, आज कोठलेही कामकाज संगणकावाचून पुरे होत नाही. टंकलेखन यंत्र बिघडले तर पूर्वी हस्ताक्षरात पत्र लिहून वेळ निभावता येत असे. आता घरपट्टीचा उतारा, शाळेचे वार्षिक माहितीपत्रक आणि शिक्षकांचे वेतनदेयक हे सर्व संगणकाच्या पडद्यावरूनच पुढे जाते. यास्तव त्या संगणकाला चालविणारी प्रणाली कोणती, ती किती काळ सुरक्षित राहील आणि तिच्यात साठविलेले दप्तर दहा वर्षांनी उघडता येईल काय, हे प्रश्न केवळ तंत्रज्ञांचे राहिलेले नाहीत. मुख्याध्यापक, ग्रामपंचायत अधिकारी आणि पंचायत सदस्य या सर्वांनी त्यांचा विचार करणे आवश्यक झाले आहे.

या विचाराला तातडी आली ती एका तारखेमुळे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीसाठी सुरक्षा सुधारणा पुरविण्याचे नियमित काम थांबविले. वाढीव मुदतीची एक सोय आहे. परंतु ती कायमची नाही. पुढील प्रणाली, म्हणजे विंडोज ११, चालण्यासाठी टीपीएम २.० हा सुरक्षाघटक आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. परिणामी २०१५-१६ च्या सुमारास खरेदी केलेले कित्येक संगणक, पडदा आणि कळफलक सुस्थितीत असूनही, नव्या प्रणालीस अपात्र ठरतात. जडवस्तू नोंदवहीतून त्यांचे निर्लेखन करावे आणि नवे घ्यावेत, हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग मुक्तस्रोत प्रणालीचा आहे.

चांदवड तालुक्याचे उदाहरण घेऊ. तालुक्याचे ठिकाण मुंबई-आग्रा महामार्गावर, नाशिकपासून सुमारे ६५ किलोमीटरवर आहे. गावे मात्र डोंगराच्या कडेने आणि माळरानावर विखुरलेली आहेत. वडनेर भैरव, वडाळीभोई किंवा काजी सांगवी अशा गावी संगणक अडला, तर जाणकार माणूस बाहेरून बोलवावा लागण्याची शक्यता अधिक आणि तोवर दाखल्यासाठी आलेला शेतकरी परत जातो. अशा ठिकाणी प्रणाली बदलायची तर ती घाईने बदलून चालणार नाही. कोणत्या क्रमाने बदलावे, हे सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे.

मुक्तस्रोत म्हणजे काय?

संगणकाचा प्रोसेसर, स्मृती, प्रिंटर आणि कळफलक यांच्यात मेळ राखून आपली कामे त्यांच्याकडून करवून घेणारी मूलभूत आज्ञावली म्हणजे कार्यकारी प्रणाली होय. पत्र लिहिण्याची किंवा हिशेबाची आज्ञावली हिच्या आधारावर उभी असते.

काही कंपन्या आपल्या प्रणालीची मूळ संहिता गुप्त ठेवतात आणि तिच्या वापराचा केवळ परवाना विकतात. मुक्तस्रोत प्रणालीत ही संहिता सर्वांस खुली असते. ती कोणीही वापरावी, अभ्यासावी, आपल्या गरजेप्रमाणे बदलावी आणि इतरांस द्यावी, अशी तिच्या परवान्यातच मुभा असते. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये अशा मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स हा प्रणालीचा गाभा तयार करून लोकांपुढे ठेवला. या दोन्ही प्रयत्नांच्या मिलाफातून आजची लिनक्स प्रणाली उभी राहिली. डेबियन, उबंटू, लिनक्स मिंट ही तिचीच निरनिराळी रूपे आहेत. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली २००७ मध्ये प्रसृत केली. तीत मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे. भारत सरकारनेही २०१५ मध्ये आपल्या कामकाजात मुक्तस्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. मुक्त म्हणजे बिनखर्चाची नव्हे. गावच्या सार्वजनिक विहिरीच्या पाण्याला मोल पडत नाही; परंतु दोर, पोहरा आणि गाळ काढण्याचे श्रम यांची तजवीज गावालाच करावी लागते. तद्वत लिनक्सच्या परवान्यास पैसे पडत नसले, तरी शिकण्याचा वेळ आणि देखभालीची जबाबदारी कोणी तरी उचलावी लागते.

खरी अडचण कोठे आहे?

नवी प्रणाली बसविणे अवघड असेल अशी भीती सर्वांस वाटते. वस्तुतः ते काम सुमारे तासाभराचे आहे. मराठी कार्यालयाची खरी अडचण निराळी आहे. नव्या प्रणालीत पहिल्याच दिवशी जुने पत्र उघडावे, तर पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गोंधळ दिसतो. मग लिनक्सला मराठी येत नाही, असा निष्कर्ष काढून प्रयोग तेथेच सोडून दिला जातो. हा निष्कर्ष चुकीचा आहे.

याचे कारण आपल्या जुन्या टंकांमध्ये आहे. कृतिदेव, श्री-लिपी, आकृती यांसारख्या टंकांच्या जुन्या पद्धतीत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसविलेली असत. संगणक साठवीत असे ते इंग्रजी अक्षरच. विशिष्ट टंक हजर असेतोवर ते मराठी दिसे, इतकेच. तो टंक नसलेल्या यंत्रावर, मग ते यंत्र कोणत्याही प्रणालीचे असो, मूळ इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. म्हणजे ग्रामसभेचे इतिवृत्त मराठीत साठविले आहे असे आपण समजत आलो, प्रत्यक्षात ते मराठीत साठविलेच गेले नव्हते.

युनिकोड या जागतिक प्रमाणात, ज्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली, प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिलेला आहे. देवनागरीसाठी सलग १२८ जागा राखलेल्या असून ‘क’ चा क्रमांक २३२५ हा आहे. हा क्रमांक नाशिकच्या संगणकावर, मुंबईच्या मंत्रालयात आणि हातातील दूरध्वनीवर एकच असतो. म्हणून युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी कोणत्याही प्रणालीत मराठीच राहते, तीत शब्द शोधता येतो आणि नावांची यादी अकारविल्हे लावता येते.

आपली जुनी फाइल कोणत्या प्रकारची आहे, हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. तिच्यातील एक ओळ उचलून साध्या मजकुराच्या कोऱ्या पानावर आणून ठेवावी. मराठी तशीच राहिली तर ती युनिकोड होय. इंग्रजी अक्षरे दिसली तर तो जुना टंक समजावा.

पहिले पाऊल : दप्तर युनिकोडमध्ये आणणे

सबब प्रणाली बदलण्यापूर्वी, चालू संगणकावरच, पुढील कामे उरकावीत.

(१) आजपासून होणारे प्रत्येक लेखन युनिकोडमध्येच करावे. त्यासाठी इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक शिकावा. यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे आहेत. ‘के’ या कळीवर क, तीच शिफ्टसह दाबली असता ख. ‘एल’ वर त, शिफ्टसह थ. ‘डी’ वर हलन्त. उच्चाराच्या क्रमाने कळा दाबाव्यात. चांदवड हा शब्द च, काना, अनुस्वार, द, व, ड अशा सहा कळांत लिहून होतो. ‘शेतकऱ्यांना’ आणि ‘अधिकाऱ्यांना’ यांतील ऱ्या अनेकांना सापडत नाही. त्यासाठी ‘जे’ ही कळ शिफ्टसह दाबून ऱ, नंतर हलन्त आणि मग य दाबावा. रोज अर्धा तास सराव केल्यास काही आठवड्यांत हात बसतो. हाच कळफलक विंडोज आणि लिनक्स या दोहोंत आहे. म्हणून येथे केलेला सराव पुढे वाया जात नाही.

(२) जुन्या फाइलींपैकी ज्यांची गरज पुन्हा पडणार आहे, अशांचीच यादी करावी : ठरावांची इतिवृत्ते, कर आकारणीच्या याद्या, शाळेची माजी विद्यार्थ्यांची यादी, सेवाविषयक पत्रे. त्यांचे रूपांतर परिवर्तक आज्ञावलीने करता येते. मात्र रूपांतर झाले म्हणजे काम संपले असे मानू नये. जोडाक्षरे, रफार, व्यक्तींची नावे, गट क्रमांक आणि रकमा मूळ छापील प्रतीशी ताडून पाहाव्यात. घरपट्टीच्या यादीत एक अंक बदलला तरी त्याचा भुर्दंड एखाद्या कुटुंबाला बसतो.

(३) मूळ फाइल नष्ट करू नये. मूळ आणि रूपांतरित अशा दोन्ही प्रती ठेवाव्यात.

दुसरे पाऊल : आधी आज्ञावली, मागाहून प्रणाली

फ्रान्सच्या जांदार्मेरी या राष्ट्रीय पोलिस दलाने केलेला बदल येथे अभ्यासण्याजोगा आहे. त्यांनी २००५ मध्ये प्रथम केवळ कार्यालयीन लेखनाची आज्ञावली बदलून मुक्तस्रोत ओपनऑफिस घेतली. २००६ मध्ये इंटरनेट पाहण्याची आणि ई-टपालाची आज्ञावली बदलली. आणि या सवयी रुळल्यावर २००८ पासून उबंटू ही प्रणाली आणण्यास प्रारंभ केला. कर्मचाऱ्यांना ओळखीची साधने नव्या प्रणालीतही तशीच भेटली. याउलट जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये निर्णय घेऊन २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर नेले. तथापि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जाण्याचा ठराव झाला. बदल तंत्राने पुरा होतो, पण कर्मचारी आणि पदाधिकारी यांची साथ अखेरपर्यंत टिकावी लागते, असा बोध या दोन उदाहरणांवरून घेता येईल.

आपल्याकडेही तसेच करावे. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स आणि व्हीएलसी या मुक्तस्रोत आज्ञावली विंडोजवरही चालतात. दोन-तीन महिने त्याच वापराव्यात. नवी पत्रे लिब्रेऑफिसच्या ‘ओडीटी’ या खुल्या स्वरूपात साठवावीत. वरिष्ठ कार्यालयाने ‘डॉक्स’ स्वरूप मागितल्यास त्यातही प्रत काढता येते. रकाने आणि सारण्या असलेले गुंतागुंतीचे नमुने मात्र पाठविण्यापूर्वी एकदा उघडून पाहावेत, कारण त्यांची मांडणी कधी कधी हलते.

तिसरे पाऊल : कामांची यादी

कार्यालयात संगणकावर होणाऱ्या प्रत्येक कामाची यादी एका कागदावर करावी आणि प्रत्येकापुढे ते कशावर चालते याची नोंद घ्यावी. ई-ग्रामस्वराज, यू-डायस प्लस, शालार्थ यांसारखी कामे संकेतस्थळावर चालतात. तेथे प्रणालीपेक्षा न्याहाळकाचे, म्हणजे ब्राउझरचे, महत्त्व अधिक. खरी तपासणी हवी ती चार वस्तूंची : प्रिंटर, स्कॅनर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र आणि अंकीय स्वाक्षरीचे टोकन. यांच्या चालक आज्ञावली लिनक्ससाठी मिळतात की नाही, हे प्रतिकृती क्रमांकानुसार उत्पादकाकडून पडताळून घ्यावे. हिशेबाच्या काही आज्ञावली केवळ विंडोजवरच चालतात. असे एखादे काम निघाल्यास निराश होण्याचे कारण नाही. त्या कामापुरता एक संगणक सुरक्षित आणि चालू आवृत्तीच्या विंडोजवर ठेवावा व उरलेले बदलावेत.

चौथे पाऊल : न बसविता अनुभव

लिनक्सची एक मोठी सोय म्हणजे ती संगणकावर न बसविताही चालवून पाहता येते. आठ जीबीचा एक रिकामा पेनड्राइव्ह घ्यावा. प्रणालीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच तिची प्रतिमा-फाइल उतरवून घ्यावी आणि रुफस किंवा एचर यांसारख्या आज्ञावलीने ती पेनड्राइव्हवर लिहावी. संगणक सुरू होताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांपैकी त्या कंपनीने ठरविलेली कळ दाबली असता पेनड्राइव्हवरून सुरू होण्याचा पर्याय मिळतो. आता ‘बसवा’ हा पर्याय न निवडता केवळ ‘चालवून पाहा’ हा पर्याय घ्यावा. मूळ संगणकातील काहीही बदलत नाही. या स्थितीत वाय-फाय, ध्वनी, प्रिंटर, मराठी कळफलक आणि रोजची दोन संकेतस्थळे तपासावीत. पेनड्राइव्हवरून यंत्र संथ चालते. त्यावरून मत बनवू नये.

कोणते रूप निवडावे, याचा घोळ नवागतांनी घालू नये. विंडोजची सवय असलेल्यांना लिनक्स मिंट सोयीचे वाटते. त्यास किमान दोन जीबी, समाधानकारक वापरासाठी चार जीबी स्मृती लागते. अशक्त यंत्रासाठी त्याचीच ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती आहे. उबंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते आणि तिला पाच वर्षे सुधारणा मिळतात. नियम एकच ठेवावा : एका तालुक्यातील सर्व शाळांनी आणि पंचायतींनी शक्यतो एकच रूप घ्यावे. म्हणजे एकाची अडचण दुसऱ्यास सोडविता येते.

प्रत्यक्ष स्थापना

स्थापनेपूर्वी सर्व फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या साधनांवर घ्याव्यात आणि त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हेच. संगणक हमीच्या मुदतीत असेल, अथवा वरिष्ठ कार्यालयाने किंवा एखाद्या योजनेतून पुरविलेला असेल, तर लेखी परवानगी घ्यावी. ग्रामपंचायतीने मासिक सभेत ठराव करावा, शाळेने व्यवस्थापन समितीस कळवावे.

एकाच यंत्रावर दोन्ही प्रणाली शेजारी ठेवता येतात. पण नवख्याने डिस्कचे भाग पाडण्याच्या फंदात पडण्यापेक्षा कार्यालयातील सर्वांत कमी वापराचा संगणक पूर्णपणे लिनक्सला द्यावा, हे अधिक सुरक्षित. ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडल्यावर मागील काहीही उरत नाही, हे लक्षात ठेवूनच ती कळ दाबावी. स्थापना चालू असताना वीज जाऊ नये म्हणून यूपीएस जोडलेला असावा.

पहिल्या महिन्यातील सवयी

नव्या प्रणालीत ‘सी’ आणि ‘डी’ असे विभाग दिसणार नाहीत. आपल्या सर्व फाइली ‘होम’ या घरात असतात. फाइलीच्या इंग्रजी नावातील लहान आणि मोठी अक्षरे वेगळी मानली जातात. ‘ईएक्सई’ स्वरूपाच्या विंडोजच्या फाइली येथे थेट चालत नाहीत. नवी आज्ञावली प्रणालीतील आज्ञावली-भांडारातूनच घ्यावी. व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द जबाबदार व्यक्तीकडेच असावा, रोजच्या कामासाठी वेगळे खाते असावे. इंटरनेटवर कोणी सुचविलेली आज्ञा अर्थ न समजता टंकित करू नये. लिनक्सला विषाणूची बाधा होतच नाही, हा समजही सोडून द्यावा. आठवड्यातून एक दिवस ठरवून सुधारणा उतरवून घ्याव्यात. मिंटमधील ‘टाइमशिफ्ट’ या सोयीने प्रणालीची आजची स्थिती जपता येते आणि बिघाड झाल्यास तेथवर परत जाता येते. मात्र ती प्रणालीची प्रत असते. फाइलींची प्रत वेगळी घ्यावीच लागते.

शिक्षण आणि साहाय्य

आपल्या राज्यात हा प्रयोग अगदी नवा नाही. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट-धनगरवाडा येथील लहानशा प्राथमिक शाळेत २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय योजनेचे छोटे संगणक आले, ते लिनक्सवरच चालणारे होते. केरळने २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू केला आणि पुढे शाळांचे संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर आणले. तेथे शिक्षकांचे प्रशिक्षण आणि मातृभाषेतील साहित्य यांवर भर देण्यात आला. यंत्रे बदलणे सोपे, शिक्षक तयार करणे महत्त्वाचे, हे त्यामागील सूत्र आहे.

मराठीतून शिकण्याचीही सोय आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स आणि लिब्रेऑफिस यांचे छोटे ध्वनिचित्र पाठ विनामूल्य उपलब्ध केले असून त्यांतील अनेक मराठीत आहेत. पाठ ऐकत ऐकत शेजारी तेच कृतीने करावयाचे, अशी त्यांची रीत आहे. चांदवड येथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक शनिवार तालुक्यातील शाळा-पंचायतींसाठी द्यावा, अशी विनंती गटशिक्षणाधिकारी व गटविकास अधिकारी यांना करता येईल. केंद्रप्रमुखांच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास इन्स्क्रिप्टच्या सरावासाठी ठेवला, तर त्यास कोणताही खर्च नाही.

लिनक्स हा सर्व कार्यालयांस सारखाच योग्य आहे, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. मार्चअखेरीच्या हिशेबाच्या दिवसांत, निवडणुकीच्या कामात किंवा परीक्षांच्या तोंडावर बदल करू नये. अंकीय स्वाक्षरी चालत नसेल तर त्या संगणकावर घाई करू नये. परंतु पहिली दोन पावले, म्हणजे युनिकोड आणि खुले फाइल-स्वरूप, ही प्रत्येकाने टाकलीच पाहिजेत. पुढे प्रणाली कोणतीही राहो. कंपन्या आपापल्या सोयीने आवृत्त्या बंद करतील, यंत्रे जुनी होतील. ठराव, याद्या आणि दाखले मात्र गावाचे आहेत. ते ज्या लिपीत लिहिले त्याच लिपीत पुढच्या सरपंचाला, पुढच्या मुख्याध्यापकाला वाचता आले पाहिजेत. तेवढी तजवीज आज, चालू संगणकावर, पहिली ओळ युनिकोडमध्ये लिहून सुरू करता येते.